बातमीचा खण

सोमवार, ४ मार्च

अजून नावंच ठेवताहेत! मागच्या सोमवारी आले, आज पुन्हा सोमवार उजाडला, बोर्ड टेबलावर मेल्यासारखं पडलंय, आणि जावईबापू काय करताहेत म्हणून डोकावलं तर नावं ठेवताहेत. मी म्हटलं, "नावं ठेवायलाच माणूस हवा होता तर आमच्या घराण्यात काय तोटा होता? एक हाक मारली असती तर सगळ्या चुलत्या-मावळणी धावत आल्या असत्या." ते हसले आणि पुन्हा कामाला लागले. माणसानं निदान चिडावं तरी. हसणाऱ्याशी भांडता येत नाही.

काम असं आहे म्हणे. बोर्डावर मधोमध जी मोठी चौकोनी चिप आहे, तिच्या पोटात खण आहेत. त्यांना रजिस्टर म्हणतात, पण वही नव्हे, खणच. एका खणात लिहिलं की चिप साठवायला लागते, दुसऱ्यात लिहिलं की तारेवरून पाठवायला लागते, काही नुसते वाचायचे असतात. कुठला खण कुठे, त्यात काय घालायचं, कोण वाचणार, हे आधी कॉम्प्युटरवर लिहून काढायचं, प्रत्येकाला नाव द्यायचं, आणि मग त्यावर ड्रायव्हर बांधायचा. ड्रायव्हर म्हणजे बोर्डाकडून काम करून घेणारा प्रोग्राम. "एक खण चुकला मावशी, तर वरचं सगळं चुकेल," म्हणाले. मी म्हटलं, "अहो, बरोबर. पण एखादा दिवा तरी लावून दाखवा."

आमच्या शेडमध्ये आजवर साधी बोर्डं झाली. पंपाची, घंटेची. त्यांना पोट नव्हतं, खण असले तरी दोन-चार. हे पहिलंच मोठं काम. थंड गोदामवाल्यांना प्रत्येक गोदामात एक बोर्ड हवंय. आत थंडावा किती ते साठवून ठेवायचं आणि तारेवरून त्यांच्या ऑफिसला कळवत राहायचं. महिनाअखेरीला चाचणी. जमलं तर शेड चालेल. नाही जमलं तर कुलूप, कारण पंपवाले आता तयार बोर्डं बाहेरून मागवतात.

जावई कामाला ठेवू नये हे मात्र खरं. लोक कामचुकाराला सरकारी जावई म्हणतात, मी खराखुरा आणून बसवला. तेही कामचुकार नाहीत, तोच तर घोळ. अहो-जाहो करत कसं रागवायचं हे मला कुणी शिकवलं नाही.

बुधवार, ६ मार्च

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, ओरडायचं असेल ते लिहून काढा, दाब उतरेल. चौथीत शाळा सुटलेल्या बाईला हे औषध! हात दुखतो, दाब आहे तिथंच आहे. तरी लिहिते.

आज चिंगीची नवी तऱ्हा. चिंगी म्हणजे जावईबापूंची बायको, माझी भाची, बहिणीची लेक, पण वाढली माझ्याकडे, याच शेडमध्ये. सोल्डरिंगच्या टेबलावर बसायला तयार नाही. "मावशी, धूर सोसत नाही गं." जन्म त्या धुरात गेला आणि आता सोसत नाही! दाराजवळ खुर्ची ओढून स्क्रूच्या पुड्या बांधत बसली. चहा पुढे केला तर तोंड फिरवलं, वाससुद्धा नको. दोन वर्षं गार ऑफिसात काम केलं की नाकं अशी होतात. चष्मेवाली, आमच्याकडची बारीक पायांच्या चिपा जोडणारी, गालातल्या गालात हसली. मी म्हटलं, काय गं? तर म्हणे, "काही नाही बाई, धूर वाईटच." हिला इतकी वर्षं वाईट नव्हता.

कुणी वाचणार नाही म्हणून खरं लिहिते. हे दोघं सुट्टी काढून आलेत, काम संपलं की जाणार. मला वाटतं त्यांनी जाऊ नये. इथंच राहावं, शेड घ्यावी. मी तोंडानं म्हणणार नाही. आपण होऊन म्हणाले तर हो म्हणेन, तेही लगेच नाही, जरा ताणून.

शनिवार, ९ मार्च

लागला एकदाचा दिवा. सकाळी बोर्ड साठवू लागलं, दुपारच्या आत तारेवरून पाठवूही लागलं. जावईबापूंचा चेहरा पोरासारखा झाला. मी म्हटलं, "छान. आता हे रोज करायचं."

मग मी पेटी लावली. पेटी आमच्या ह्यांनी बनवलेली. ते गेले, पेटी राहिली. तिच्या तारा बोर्डाच्या कडेला खोचल्या आणि बटण दाबलं की चिपचे सगळे खण वाचून पेटी पडद्यावर ओळीनं आकडे दाखवते. आकडे मला कळत नाहीत. पण पुन्हा दाबलं आणि काही आकडे बदललेले दिसले की बोर्ड जिवंत आहे एवढं कळतं. नाडी बघावी तसं. या शेडमधून बाहेर गेलेल्या प्रत्येक बोर्डाची नाडी मी बघितलीय. आजही बघितली. हलत होतं. बरं वाटलं म्हणून परत बघितली. जावईबापू समोरच होते, काही म्हणाले नाहीत. पेटी नुसती बघते, करत काहीच नाही, हे त्यांनाही दिसतंय.

चार वाजता तार मुकी झाली. साठवायचं चालू, पाठवायचं बंद. बोर्ड बंद करून चालू केलं, परत नीट. म्हणाले, "सोमवारी बघतो."

मंगळवार, १२ मार्च

काल पत्र्याच्या दुकानात गेले होते, दिवस तिथंच गेला. शेडमध्ये म्हणे सकाळपासून एकदाही बंद पडलं नाही. मी संध्याकाळी आले, पिशवी ठेवली, नाडी बघितली, जरा वेळ गेला, तार मुकी. आज दिवसभर मी शेडमध्ये, आज दिवसभर रड.

चष्मेवाली म्हणते, "बाई, तुम्हाला बघून त्याची बोलती बंद होते. आमचंही तसंच होतं की." सगळ्या खिदळल्या. चिंगी तर पोट धरून. मी म्हटलं, "हसा. कुलूप लागलं की घरी बसून हसा." सगळ्या आपापल्या टेबलावर गेल्या.

जेवताना चिंगी वरच्या खोलीची चौकशी करत होती. सकाळी ऊन येतं का, भिंतीला ओल आहे का, खिडकीला जाळी लावता येईल का. भाड्यानं घ्यायला आल्यासारखी. एवढी वर्षं त्याच खोलीत झोपली तेव्हा ओल दिसली नाही. मग म्हणाली, "मावशी, आम्हाला तुझ्याशी जरा बोलायचंय." मी म्हटलं, "आधी तार बोलू दे, मग तू बोल." तिनं ताटाकडे बघितलं. जावईबापू पाणी प्यायले.

गुरुवार, १४ मार्च

जावईबापूंनी तार बदलली. बोर्ड बदललं. पाठवण्याचा सगळा भाग पुसून नव्यानं लिहिला. एवढ्यानं झालं नाही म्हणून चष्मेवालीनं चिप काढून दुसरी बसवली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. काही उपयोग नाही. मी त्यांच्या खुर्चीमागून हलले नाही. येता-जाता, चहाचा कप हातात असताना, बटण दाबून बघत होते, निदान जीव आहे ना! जीव असायचा. बोलायचं तेवढं नाही.

शेवटी माझ्या तोंडून गेलंच. "अहो, जमत नसेल तर तसं सांगा. मी दुसरा बघते."

जावयाला असं बोलतात का! ते शांतपणे म्हणाले, "जमतंय मावशी. चालतं तेव्हा पूर्ण चालतं. पण बंद का पडतं ते कळलेलं नाही, आणि ते कळल्याशिवाय मी झालं म्हणणार नाही."

हे उत्तर मला आवडलं. तसं सांगितलं नाही.

सोमवार, १८ मार्च

मला घालवायचं ठरलंय. चिंगी सकाळीच गळ्यात पडली, "मावशी, आईकडे चार दिवस जाऊन ये ना. किती दिवसांत गेली नाहीस." जावईबापू भिंतीकडे बघत म्हणाले, "आम्ही जरा शांतपणे बघतो." शांतपणे! म्हणजे गोंगाट मी. माझी शेड, माझं टेबल, आणि मलाच बाहेरचा रस्ता.

गेले. मी नको म्हटलं असतं तर सगळे म्हणाले असते की म्हातारी हट्टी आहे. मी म्हातारी नाही.

मंगळवार, १९ मार्च, बहिणीकडे

बहिणीनं विचारलं, "चिंगीनं सांगितलं का तुला?"

मी म्हटलं, "काय सांगायचंय? तार मुकी होते, एवढंच. मलाच दिसतं की ते."

बहीण म्हणाली, "तू कुणाला पुरतं बोलू देशील तर ना." आणि भाजी निवडायला घेतली. तिला लहानपणापासून अर्धंच बोलायची सवय. वर मला दोष.

दुपारी लोकर काढून बसली. मी म्हटलं, उन्हाळा तोंडावर आलाय आणि विणतेस काय? म्हणे, "लागेल." तिचं हे असंच.

बुधवार, २० मार्च

चिंगीचा फोन. आनंदानं ओरडत होती. "मावशी, दोन दिवसांत एकदाही बंद पडलं नाही! एकदाही!" मी फोन ठेवला.

म्हणजे ठरलं. मी पांढऱ्या पायाची. मी असले की बिघडतं, मी नसले की सरळ चालतं. आता हेच गोदामवाल्यांना सांगतील, हेच बायकांना सांगतील, आणि मी बहिणीच्या ओट्यावर भाजी निवडत बसायचं. शेड त्यांना द्यायला मी तयार होते. पण देणं वेगळं आणि हातातून काढून घेणं वेगळं.

परवा गोदामांचा साहेब काम बघायला येणार आहे. बारा महिने स्वेटर घालतो तो. उद्या रात्रीच निघते. कळवणार नाही.

शुक्रवार, २२ मार्च

सगळं नीट लिहून ठेवते, नंतर कुणी वेगळं सांगायला नको.

स्वेटरवाला दहाला आला. बोर्ड चालू होतं, साठवत होतं, पाठवत होतं. जावईबापू त्याला एकेक दाखवत होते. मला बघून चिंगी दचकली, पण साहेबासमोर काय बोलणार! मला वाटलं, बिनआवाजाचं बोर्ड बघून माणसाला काय कळणार, आकडे हलताना दिसले पाहिजेत. पेटी आणली, तारा खोचल्या, म्हटलं, "साहेब, हे बघा, कसं जिवंत आहे." दाबलं. आकडे आले. परत दाबलं, हललेले दाखवायला. तो मान डोलावत होता. परत दाबलं.

तार मुकी.

स्वेटरवाला म्हणाला, "आत्ता तर चालू होतं."

जावईबापूंनी बोर्डाकडे बघितलंच नाही. माझ्या हाताकडे बघितलं. "मावशी, तुम्ही आत्ता बटण दाबलंत?"

"दाबलं. मग?"

"याआधीही दाबत होता? रोज?"

"रोज म्हणजे? येता-जाता दाबते. तुमच्यासमोरच तर दाबत होते. चोरून नाही."

त्यांनी बोर्ड बंद-चालू केलं आणि म्हणाले, "दाबा." दाबलं. "परत." काही झालं नाही. "दाबत राहा." दाबत राहिले, आणि गेली तार. पुन्हा चालू केलं, पुन्हा दाबत राहिले, पुन्हा गेली. चष्मेवाली हातातलं काम टाकून आली. जावईबापूंनी चिपवाल्यांचे जाडजूड कागद काढले, एका तक्त्यावर बोट ठेवलं आणि तोंडातल्या तोंडात स्वतःलाच शिवी दिली. जावयाच्या तोंडून शिवी मी पहिल्यांदा ऐकली. साधीच होती.

मग आम्हाला समजावलं. चिपमध्ये एक खण बातमीचा आहे. तारेवर काही आलं-गेलं की चिप त्यात खूण करते. ड्रायव्हर येऊन खण वाचतो. वाचला की खूण आपोआप पुसते, कारण चिप धरून चालते की ज्याला हवी होती त्याला बातमी पोचली. पण मध्येच पेटीनं वाचला, तर खूण तेव्हाच पुसते. मागून ड्रायव्हर येतो, खण रिकामा. त्याला वाटतं काही आलंच नाही. तो वाट बघत बसतो, आणि चिप त्याची वाट बघत बसते.

मी विचारलं, "म्हणजे माझ्या बघण्यानं बंद पडत होतं?"

"नाही मावशी, चूक माझी. मी तो खण नुसता वाचायचा म्हणून लिहिला. वाचल्यावर पुसतो हे इथं बारीक अक्षरात आहे, ते मी सोडलं. ते लिहिलं असतं तर पेटी तुम्ही आणलीत तेव्हाच तुम्हाला थांबवलं असतं."

स्वेटरवाला म्हणाला, "सोपं आहे. पेटी फेकून द्या."

मग चिंगी म्हणाली, "पेटी जाणार नाही. काकांची आहे. दुसरं काहीतरी करू." इतक्या ठामपणे म्हणाली की स्वेटरवाल्यानं स्वेटर खाली ओढला. चाचणी ठरल्याप्रमाणे पुढच्या गुरुवारी, एवढं बोलून गेला.

मी दाराजवळच्या खुर्चीवर जाऊन बसले. पांढऱ्या पायाची वगैरे काही नव्हतं तर. कुणी मला घालवतही नव्हतं, शोधत होते बिचारे. बरं वाटायला हवं होतं. अर्धं वाटलं.

सोमवार, २५ मार्च

पेटी आज उघडली. पहिला स्क्रू फिरवायच्या आधी जावईबापूंनी विचारलं, "मावशी, उघडू?" मी म्हटलं, "उघडा. पण स्क्रू तेच लावा." आतल्या तारा ह्यांनी सुतळीनं बांधल्या होत्या. जावईबापू म्हणाले, "काम बघा किती स्वच्छ आहे." सुतळी त्यांनी कापली नाही, सोडवली.

आता असं केलंय. बातमीचा खण फक्त ड्रायव्हर वाचणार. वाचला की त्याची नक्कल बाजूला ठेवणार, आणि पेटी ती नक्कल दाखवणार. मी दिवसभर बटण दाबलं तरी कुणाची बातमी पुसणार नाही. शिवाय सगळे खण त्यांनी पहिल्यापासून पुन्हा तपासले, प्रत्येकाची बारीक अक्षरं वाचत. असेच आणखी दोन निघाले. एक तर उलटा, त्यातली खूण पुसायला त्यात एकचा आकडा लिहावा लागतो. पुसायला लिहायचं! हे कुणी ठरवलं ते मला भेटवा एकदा.

या सगळ्याला पूर्ण दिवस गेला. मी घाई केली नाही. एकदाही विचारलं नाही की झालं का. संध्याकाळी दाब बघितला, वाढला होता.

गुरुवार, २८ मार्च

चाचणी गोदामातच झाली. आत जाताना सगळ्यांना जाड कोट दिले, माझा गुडघ्याखाली जात होता. स्वेटरवाल्यानं कोट घेतला नाही. बोर्ड दाराशेजारी भिंतीवर लावलं. त्यांनी दार उघडं ठेवलं, थंडावा कमी झाला, ऑफिसातून फोन आला की दिसला. दार बंद केलं, परत फोन आला. तार काढली, लावली, तेवढ्या वेळातलं साठवलेलं मागून गेलं. मग स्वेटरवाला माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "बाई, आता तुमची पेटी."

मी दाबलं. परत दाबलं. तो मोजत होता की काय कोण जाणे, मी दाबत राहिले, हात गारठला तरी. तार बोलतच होती. चष्मेवालीला आणलं होतं सोबत, ती म्हणाली, "साहेब, आता बाईंसमोर बोलायची सवय झाली त्याला. आम्हाला कधी होणार?" साहेब पहिल्यांदा हसला. पुढच्या महिन्यापासून बोर्डं पाठवा म्हणाला.

परत येताना चष्मेवाली वाटेत उतरली, मग गाडीत मागे आम्ही तिघंच. चिंगी काचेला टेकून बसली होती, हात पोटावर, चेहरा उतरलेला; म्हटलं, थंडी बाधली. जावईबापू तिच्या अंगावर शाल सारखी करत होते. जरा वेळानं ती सरळ बसली. "मावशी, तार बोलली. आता मी बोलू?"

मी म्हटलं, "थांब. आधी मी."

"अगं, पण तेच तर..."

"मध्ये बोलू नकोस. मला एकदाच बोलता येईल, पुन्हा जमणार नाही." आणि मी बोलले. एवढी वर्षं जे म्हणणार नव्हते ते सगळं. की शेड मला एकटीला रेटत नाही. की वरची खोली आहे, ओल असेल तर काढू, जाळी लावू. की ह्या माणसाला मी दुसरा बघते म्हणाले, पण दुसरा मला नको आहे, हाच हवा. की मी खुर्चीमागे उभी राहते, बटणं दाबते, ते सुटणार नाही, हे धरूनच काय ते ठरवा.

दोघं एकमेकांकडे बघत होते. चिंगीच्या डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू, काय समजायचं माणसानं. तिनं तोंड उघडलं. मी हात वर केला.

"आत्ता नको. गाडीत घाईघाईनं दिलेलं उत्तर मी घेणार नाही. राहायचं की जायचं, दोघांनी नीट विचार करून सांगा. जावईबापू, तुम्हीसुद्धा, आणि हसून नाही, शब्दांत. रविवारपर्यंत वेळ आहे. रविवारी मला उत्तर पाहिजे. सकाळी. जेवणाच्या आधी."